बुबुळावर रक्तवाहिन्या वाढल्यात, त्या थेंबांनी जातात का? (कॅन्सरच्या इंजेक्शनचे थेंब दिलेत)

कोयनाकाठ | ४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

अण्णा (माझे वडील, वय ६७, कराडजवळ शेती) यांच्या उजव्या डोळ्याला गेली दहा-बारा वर्षं दर दीड-दोन वर्षांनी दुखणं येतं. डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसत नाही आणि बुबुळावर पांढरट फूल दिसतं. थेंब घातले की महिनाभरात ओसरतं, पण दर वेळी थोडं फूल मागे राहतं. गेल्या महिन्यात ते माझ्याकडे पुण्याला आले होते. गॅलरीत उन्हाला बसलेले असताना मला दिसलं, की डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक लाल रेघा थेट त्या फुलापर्यंत गेल्या आहेत. खालून आणि नाकाच्या बाजूने. एक रेघ तर चांगली जाड.

कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, हर्पीसच्या विषाणूमुळे बुबुळ पुन्हा पुन्हा सुजलंय आणि आता त्यात रक्तवाहिन्या शिरल्यात. ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मि.ग्रॅ.च्या गोळ्या दिवसातून दोनदा, स्टिरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत जायचे, आणि बेव्हासिझुमॅब नावाचे १ टक्क्याचे थेंब दिवसातून चार वेळा. हे शेवटचे दुकानात मिळत नाहीत, रुग्णालयाच्या फार्मसीत बनवून देतात. त्यासाठी संमतीपत्रावर सही घेतली.

घरी येऊन शोधलं तर ते आतड्याच्या कॅन्सरचं, शिरेतून द्यायचं औषध निघालं. तेव्हापासून झोप नाही. कॅन्सरचं इंजेक्शन फोडून डोळ्यात घालतात? त्याने या शिरा खरंच जातात का? आणि नुसत्या शिराच आहेत, दिसतंय बऱ्यापैकी, तर एवढा खटाटोप कशाला, असं अण्णांचं म्हणणं आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

---

हळदकुंकू | ४ जून, रात्री १०:४०

ताई, घाबरू नका. शुद्ध मध सळईने लावायचा आणि त्रिफळ्याच्या पाण्याने सकाळ-संध्याकाळ डोळे धुवायचे. आमच्या सासूबाईंचं फूल याने गेलं. ही केमिकलं घालून डोळा गमवाल.

---

बुबुळवाला | ५ जून, सकाळी ६:५५

नेत्रतज्ज्ञ आहे. तुमचे रुग्ण पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे लिहितोय ते समजून घेण्यापुरतं. औषधात बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी हळदकुंकूंना: मध घालू नका, घालायला सांगू नका. ज्या डोळ्याच्या पृष्ठभागावर आधीच जखम होण्याची शक्यता आहे त्यात घरचा मध आणि काढा म्हणजे जंतू आणि बुरशीला आवतण. सासूबाईंचं फूल गेलं असेल तर ते वरवरचं होतं आणि आपोआप गेलं. खोलवरचं फूल कशानेच पुसून निघत नाही.

आता मूळ प्रश्न. आपण ज्याला ढोबळपणे बुबुळ म्हणतो त्याच्या पुढे एक पारदर्शक काच असते, घड्याळाच्या तबकडीवर असते तशी. तो कॉर्निया. आडवा मोजला तर साधारण साडेअकरा मिलिमीटर, मध्यावर जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. शरीरात बहुतेक ठिकाणी रक्त पोचतं, या काचेत मात्र एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आपण सगळं जग लाल जाळीतून पाहिलं असतं. तिला प्राणवायू मिळतो अश्रूंत विरघळलेल्या हवेतून, झोपेत पापणीच्या आतल्या शिरांकडून, आणि पोषण मुख्यतः आतल्या बाजूच्या पाण्यातून. रक्तवाहिन्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर येऊन थांबतात.

त्या सीमा ओलांडतात तेव्हा आत काहीतरी बिनसलेलं असतं. सूज, जंतुसंसर्ग, भाजणं किंवा प्राणवायूची उपासमार. अशा वेळी पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्याचा निरोप एकच, इकडे शिरा पाठवा. बेव्हासिझुमॅब हे त्या व्हीईजीएफला पकडून निकामी करणारं प्रतिपिंड आहे. कॅन्सरची गाठही स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, म्हणून ते आधी तिथे वापरलं गेलं (अमेरिकेत २००४ ला मान्यता). ते केमोथेरपीसारखं पेशी मारणारं विष नाही, ही गोष्ट अण्णांना जरूर सांगा. डोळ्याच्या आत, पडद्याच्या आजारांसाठी याचं इंजेक्शन २००५ पासून जगभर देतात. २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत ते डोळ्यासाठीच बनवलेल्या महागड्या औषधाच्या तोडीचं ठरलं. पण कंपनीने डोळ्यासाठी परवाना घेतलेला नाही, म्हणून सही घेतात. तुमच्या डॉक्टरांनी सही घेतली हे चांगलंच केलं.

"नुसत्या शिराच आहेत" याबद्दल: त्या शिरा नव्या आणि कच्च्या असतात, झिरपतात. त्यातून पाणी आणि चरबी बुबुळात साचते, पिवळसर डाग पडतो आणि तो मधोमध आला की नजर जाते. शिवाय उद्या नेत्ररोपण करायची वेळ आली तर याच वाटेने शरीराचे पहारेकरी नव्या बुबुळापर्यंत पोचतात आणि ते परकं म्हणून नाकारतात. चार भागांपैकी दोन किंवा जास्त भागांत खोलवर शिरा असतील तर ते रोपण आम्ही जोखमीचं धरतो. अण्णांच्या खालून आणि नाकाकडून, म्हणजे दोन भाग झाले.

दवाखान्याची वेळ झाली. थेंबांनी किती फरक पडतो ते रात्री लिहितो.

---

सूक्ष्मदर्शी | ५ जून, सकाळी ९:२०

डॉक्टर येईपर्यंत थोडं अवांतर, कारण हा माझ्या आवडीचा विषय.

बुबुळात शिरा का नसतात याचं एक उत्तर २००६ साली 'नेचर'मध्ये आलं. व्हीईजीएफ बुबुळात नेहमीच असतं, पण बुबुळ स्वतःच एक आमिष बनवून ठेवतं. व्हीईजीएफ ज्या कुलुपात बसतं त्या कुलुपाचा सुटा तुकडा. व्हीईजीएफ त्यालाच जाऊन चिकटतं आणि पुढे काही घडत नाही. उंदरांत हे आमिष काढून घेतलं तर बुबुळात आपोआप शिरा उगवल्या. मॅनाटी नावाचा पाण्यात राहणारा, गाईसारखा चरणारा सस्तन प्राणी आहे, त्याच्या बुबुळात निसर्गतःच रक्तवाहिन्या असतात. तपासलं तर त्याच्या बुबुळात हे आमिषच नव्हतं. त्याचा चुलतभाऊ ड्यूगाँग, त्याचं बुबुळ स्वच्छ आणि त्यात आमिषही हजर!

आणि जूडा फोकमन, अमेरिकेतले सर्जन. कॅन्सरची गाठ रक्तवाहिन्या बोलावून घेते हे त्यांनी १९७१ मध्ये मांडलं तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. ते दाखवायला त्यांच्या प्रयोगशाळेने जागा निवडली सशाच्या बुबुळाची. तिथे शिरा नसतातच, त्यामुळे गाठीचा तुकडा ठेवला की शिरा त्याच्याकडे सरकताना चक्क मोजता येतात. म्हणजे कोयनाकाठ ताई, तुम्ही म्हणताय की कॅन्सरचं औषध डोळ्यात आलं, पण ती कल्पना आधी डोळ्यातच पडताळली गेली होती.

---

कोयनाकाठ | ५ जून, दुपारी १:०५

खूप खूप धन्यवाद दोघांनाही. केमो नाही हे कळल्यावर आईने पहिला सुस्कारा सोडला. तिने शेजारी कोणाला सांगितलंही नव्हतं, औषधाचं नाव वाचून लोक भलतंच समजतील म्हणून.

डॉक्टर, एक चूक झाली आहे. मी थेंब देऊन अण्णांना गावी पाठवलं, "थंड ठेवा" एवढंच आईला फोनवर सांगितलं. तिने बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दोन दिवसांनी काढली तर गोठलेली. आता वितळलीय, दिसायला तशीच आहे. वापरू का?

---

औषधपेटी | ५ जून, दुपारी १:३१

नका वापरू! फेकून द्या, नवी घ्या. मी रुग्णालयाच्या फार्मसीत काम करते, हे थेंब स्वतः बनवलेत.

सांगते कसं असतं. मूळ कुपी १०० मि.ग्रॅ. आणि ४ मि.लि.ची, म्हणजे एका मि.लि.मध्ये २५ मि.ग्रॅ. ती निर्जंतुक हवेच्या कपाटात उघडून, पातळ करून १ टक्क्यावर आणतात, म्हणजे एका मि.लि.मध्ये १० मि.ग्रॅ. मग छोट्या निर्जंतुक बाटल्यांत भरतात. हे प्रथिन आहे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या जातीचं. गोठलं की त्याचे धागे एकमेकांत अडकतात आणि वितळल्यावर पुन्हा पहिल्यासारखे होतीलच असं नाही. डोळ्यांना ते दिसत नाही. त्यामुळे "दिसायला तसंच आहे" यावर जाऊ नका.

फ्रीजमध्ये २ ते ८ अंश, म्हणजे मधला कप्पा. दाराच्या कप्प्यात नको, दार उघडलं की तिथे गरम होतं. मागच्या भिंतीला टेकवूनही नको, तिथे गोठतं. स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. बाटली खळाखळा हलवू नका. बाकी थेंबांसारखं टिकवायचं औषध यात नसतं, म्हणून बाटलीवरची मुदत संपली की उरलं तरी टाकायचं, "अजून अर्धी आहे" म्हणायचं नाही. पुण्याहून कराडला नेताना बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळा, बाटलीला थेट लागू देऊ नका. आणि लाइट गेली तर फ्रीज उघडूच नका. माठाशेजारी वगैरे ठेवून चालत नाही, हे मी मुद्दाम सांगतेय कारण एकांनी ठेवली होती.

---

जुनाट_काका | ५ जून, सायंकाळी ५:४८

आमच्या पुतण्याच्या डोळ्यात लहानपणी चुन्याची पुडी फुटली. तंबाखूवाल्या आजोबांची. पोरगं दाबून खेळत होतं, फटकन डोळ्यात. घरातल्यांनी आधी तूप लावलं, मग गाडी शोधली, तासाने दवाखाना. आज तो तिशीत आहे, त्या डोळ्याचं बुबुळ पूर्ण लाल-पांढरं. त्याला हे थेंब चालतील काय डॉक्टर?

---

बुबुळवाला | ५ जून, रात्री ९:५०

काका, आधी तुमचं. चुन्याने भाजतं तेव्हा बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी जळतात. त्या पेशी दोन कामं करतात, बुबुळाची वरची त्वचा रोज नवी बनवतात आणि पांढऱ्या भागाला कुंपणासारख्या बाहेर थोपवतात. कुंपण जळालं की पांढऱ्याची त्वचा आपल्या शिरांसकट आत चालत येते. तिथे नुसते थेंब घालून भागत नाही, कुंपण परत लावावं लागतं. दुसरा डोळा चांगला असेल तर त्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे आठ-दहा कण करून, वारेच्या पातळ पडद्यावर चिकटवून पेरतात. ही पद्धत २०१२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतून डॉ. वीरेंद्र संगवान यांच्या गटाने जगापुढे ठेवली. तिशीतही करता येते. पुतण्याला कॉर्निया विभाग असलेल्या ठिकाणी न्या.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: चुना गेला तर तूप नाही, दूध नाही. नळाखाली धरा, पापणी उलटून चुन्याचे कण काढत, किमान अर्धा तास पाणी. गाडी त्यानंतर शोधा.

आता थेंबांनी शिरा जातात का. सरळ उत्तर देतो, बारीक होतात, फिक्या पडतात, सगळ्या जात नाहीत.

बॉस्टनच्या एका गटाने २००९ मध्ये १ टक्क्याचे थेंब १० डोळ्यांत तीन आठवडे घालून सहा महिने पाहिलं. शिरांनी व्यापलेलं क्षेत्र सरासरी ४७ टक्क्यांनी घटलं, जाडी ५४ टक्क्यांनी. पण शिरा आत जिथवर पोचल्या होत्या ती हद्द फारशी मागे सरली नाही. म्हणजे ओढ्याचं पाणी आटलं, पात्र तिथेच राहिलं. त्यातही नवी शीर चांगला प्रतिसाद देते, जुनी देत नाही. नवी शीर व्हीईजीएफवर जगते. जुनीभोवती आधार देणाऱ्या पेशींचं वेष्टन तयार झालेलं असतं, तिला व्हीईजीएफ मिळो न मिळो. अण्णांची ती जाड रेघ बहुधा जुनी आहे. बारीक रेघांकडून अपेक्षा ठेवा.

दुसरी बाजू. कोरियातल्या एका गटाने २००८ मध्ये १.२५ टक्क्याचे थेंब दिवसातून दोनदा असे तीन महिने दिले. शिरा कमी झाल्या, पण १० पैकी ६ डोळ्यांत बुबुळाची वरची त्वचा खराब झाली, बहुतेकांना दुसऱ्या महिन्यात. कारण तेच व्हीईजीएफ जखम भरायला आणि बुबुळाच्या नसा जगवायलाही लागतं. हर्पीसमध्ये बऱ्याच नसा आधीच मेलेल्या असतात, बुबुळ बधिर होत जातं, जखम झाली तरी दुखत नाही. म्हणून विचारा, थेंब सुरू करण्याआधी कापसाच्या टोकाने बुबुळाची संवेदना तपासली होती का? आणि दर भेटीत पिवळा-हिरवा रंग टाकून पृष्ठभाग बघतायत का?

शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दर दीड-दोन वर्षांनी "थेंब घातले की बरं होतं" असं लिहिलंय. कुठले थेंब? कोणी दिलेले? घरी विचारून सांगाल?

---

लेन्सवाली | ६ जून, सकाळी ८:१५

इथेच विचारते, राग मानू नका. मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, चौदा वर्षं झाली. कधीकधी झोपेतही राहतात (बऱ्याचदा, खरं सांगायचं तर). बुबुळाच्या वरच्या कडेला आरशात बारीक लाल रेघा दिसतात. मलाही हे थेंब लागतील का?

---

बुबुळवाला | ६ जून, सकाळी ८:३०

तुम्हाला बहुधा थेंब नाही, चष्मा लागेल. लेन्स लावून झोपणं म्हणजे काचेवर झाकण ठेवून तिला उपाशी मारणं. आजपासून काढा आणि आठवडाभरात तपासून घ्या. कारण काढलं की अशा कडेच्या शिरांतलं रक्त सहसा आटतं. रिकाम्या नळ्या भिंगाखाली आयुष्यभर दिसतात, आम्ही त्यांना भुताच्या शिरा म्हणतो. परत लेन्स लावून झोपलात की त्यांच्यातून पुन्हा रक्त वाहायला वेळ लागत नाही.

---

कोयनाकाठ | ७ जून, रात्री ११:२०

डॉक्टर, तुम्ही विचारलंत आणि मला घाम फुटला.

आईला देवघराशेजारचं कपाट बघायला सांगितलं. बुटाच्या खोक्यात अकरा बाटल्या निघाल्या. व्हिडिओ कॉलवर एकेक वाचली. सात बाटल्यांवर एकच नाव, अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) एकत्र. पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिलेली, त्यानंतर अण्णा रिकामी बाटली घेऊन तालुक्याच्या मेडिकलमध्ये जायचे आणि "हेच द्या" म्हणायचे. डोळा लाल झाला की घालायचे. गेलं वर्षभर तर रोज, "थंड वाटतं" म्हणून. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा ते "साधे थेंब" एवढंच बोलले. मी शेजारी बसलेली, मलाही माहीत नव्हतं.

चिडले त्यांच्यावर. मग वाईट वाटलं. पुण्याला यायला लागू नये, ऊस तोडणीत खाडा नको, म्हणून करत होते सगळं.

---

बुबुळवाला | ८ जून, सकाळी ६:४०

चिडू नका. माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला असं खोकं येतं.

आता काय झालं असावं ते बघा. स्टिरॉइडने लाली लगेच उतरते, म्हणून माणसाला ते जादूचं वाटतं. सूज असेल तर शिरा रोखायलाही ते पहिलं औषध आहे, तुमच्या डॉक्टरांनीही दिलंच आहे. पण विषाणू जिवंत असताना गोळ्यांच्या कवचाशिवाय स्टिरॉइड घातलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. वरून लाली नाही, आतून बुबुळ पोखरतंय. दुसरं म्हणजे डोळ्याचा दाब. महिनोन्महिने स्टिरॉइड घातलं तर काही लोकांत दाब चढतो, काचबिंदू होतो आणि तो दुखत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो. त्यामुळे:

एक, खोकं घेऊन उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे. दाब मोजून घ्या, दोन्ही डोळ्यांचा. साधारण १० ते २१ ठीक मानतात.

दोन, स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. सूज उसळून येते आणि शिरा दुप्पट जोमाने भरतात. कमी कसं करायचं ते डॉक्टर ठरवतील.

ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या कंटाळा करून सोडू देऊ नका. याच मात्रेवर अमेरिकेत ७०३ रुग्णांची चाचणी झाली होती, निकाल १९९८ चा. वर्षभरात डोळ्याचा हर्पीस उलटण्याचं प्रमाण नुसत्या साखरेच्या गोळीवर ३२ टक्के होतं, औषधावर १९ टक्के. खोलवरच्या सुजेचा इतिहास असलेल्यांत तर तीच सूज उलटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. शिरा येतात त्या दर वेळी आजार उलटला की. आजार उलटणं थांबलं नाही तर बेव्हासिझुमॅबच्या कितीही बाटल्या ओता. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलावी लागते, तेही सांगा.)

---

हळदकुंकू | ८ जून, सकाळी ७:१०

म्हणजे डॉक्टरी थेंबांनीच घात केला ना? मीही तेच म्हणत होते.

---

औषधपेटी | ८ जून, सकाळी ७:२२

डॉक्टरी नव्हे हो, डॉक्टरला न विचारता घेतलेल्या. आणि चिठ्ठी न बघता बाटली देणाऱ्या आमच्या धंद्यातल्या लोकांचाही त्यात वाटा आहे, हे मी नाकारत नाही.

---

ऱ्हाईनकाठी | ८ जून, दुपारी ३:४४

जर्मनीतून, कोलोनहून लिहितोय. माझी गोष्ट वेगळ्या कारणाची आहे (लेन्स धुवायला नळाचं पाणी वापरलं, त्यातला अमीबा बुबुळात गेला, लेन्सवाली ताई, हे वाचा), पण शिरांचा प्रवास सारखाच.

बुबुळ बदलायचं ठरलं तेव्हा तीन भागांत शिरा होत्या. डॉक्टर म्हणाले, आधी वाट साफ करू, मग नवं लावू. थेंब झाले, पण मोठ्या दोन शिरा हटेनात. मग बधिर करून, अगदी बारीक सुई शिरेत घालून विजेच्या सौम्य प्रवाहाने त्या आतून जाळल्या आणि त्याच वेळी शेजारी बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन दिलं. इंजेक्शन का, तर जाळलं की तिथल्या पेशी पुन्हा शिरा बोलावतात. दुखलं नाही, पण जळका वास आला तो विसरत नाही. काही महिन्यांनी रोपण झालं, आता तिसरं वर्ष.

इथे मला कळलं की शिरांसोबत लसिकावाहिन्याही वाढतात. त्या साध्या भिंगाखालीही दिसत नाहीत. नवं बुबुळ नाकारलं जाण्यात त्यांचा हात मोठा असतो म्हणे. सूक्ष्मदर्शी खुलासा करतील.

---

सूक्ष्मदर्शी | ८ जून, सायंकाळी ६:०२

बरोबर. लसिकावाहिनी म्हणजे बाहेर जाणारी वाट. परक्या बुबुळाची खबर घेऊन पेशी तिथून मानेतल्या गाठींपर्यंत पोचतात, तिथे फौज तयार होते आणि ती रक्तवाहिनीतून परत येते. म्हणून दोन्ही वाटा बंद कराव्या लागतात.

तुमच्या कोलोनवरून आठवलं. खास बुबुळातल्या शिरांसाठीच बनवलेले थेंबही तपासले गेलेत, अगानिर्सेन नावाचे. ते व्हीईजीएफ पकडत नाहीत, शिरा वाढायला लागणाऱ्या दुसऱ्याच एका प्रथिनाची, ते बनवण्याची कृती पेशीला वाचू देत नाहीत. युरोपात तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, ६९ रुग्ण, निकाल २०१४ ला आला. ९० दिवसांनी शिरांचं क्षेत्र औषध नसलेल्या थेंबांच्या गटापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी. पण दृष्टीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला तो आकडा नेहमी डाचतो. शिरा कमी झाल्या म्हणून फूल कमी होत नाही, आणि दिसण्यात अडथळा मुख्यतः फुलाचा असतो.

अवांतर: ज्या माणसावर पहिलं यशस्वी बुबुळरोपण झालं, १९०५ साली, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी, एडुआर्ड झिर्म यांच्या हातून, त्याचे डोळेही चुन्यानेच भाजले होते. काकांच्या पुतण्याचाच अपघात. मात्र काका, चुन्याचा डोळा रोपणासाठी सोपा समजू नका. त्याचा एकच डोळा टिकला, दुसरा नाही.

---

जुनाट_काका | ८ जून, रात्री ८:१५

पुतण्याला हा धागा वाचायला दिला. पंधरा वर्षांनी डॉक्टरकडे जायला तयार झालाय. आजोबांची चुन्याची डबी आजही घरात आहे, ती मी आज उचलून टाकली.

---

कोयनाकाठ | १० जून, रात्री ९:३०

आज दाखवून आलो, खोक्यासह. उजव्या डोळ्याचा दाब २९, डाव्याचा १६. अण्णांना आता काचबिंदूचेही थेंब सुरू. मागच्या स्टिरॉइडऐवजी दाब कमी चढवणारं सौम्य स्टिरॉइड दिलंय, तेही दर आठवड्याला एकेक थेंब कमी करत. संवेदना तपासलेली होती, डाव्यापेक्षा कमी आहे पण आहे. म्हणून बेव्हासिझुमॅब चालू ठेवायचं, पण दोन आठवड्यांनी रंग टाकून बघायचंच, आणि त्वचेला ओरखडा दिसला तर त्याच दिवशी बंद.

आता दिवसाला तीन प्रकारचे थेंब झालेत. एकामागून एक घातले तर चालतील ना? आई मिनिटाभरात सगळे उरकते.

---

औषधपेटी | १० जून, रात्री ९:५२

नाही! डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, दुसरा लगेच घातला की पहिला गालावर. दोन औषधांत दहा मिनिटं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, दोन मिनिटं. म्हणजे औषध घशात उतरत नाही, काचबिंदूच्या थेंबाला तर हे हवंच. आईंना सांगा, एक थेंब झाला की देवाचं एक स्तोत्र पूर्ण करायचं, मग दुसरा.

---

कोयनाकाठ | २४ जुलै, रात्री १०:०५

उशिरा कळवतेय, क्षमस्व. सहा आठवडे झाले.

भिंगावरचे आधीचे आणि आताचे फोटो डॉक्टरांनी शेजारी ठेवून दाखवले. नाकाकडच्या बारीक रेघा जवळजवळ दिसेनाशा झाल्यात. खालच्या बाजूच्या फिक्या पडल्यात. ती जाड रेघ आहे तशीच आहे, किंचित बारीक वाटते पण डॉक्टर म्हणाल्या, "ते तुम्हाला वाटतंय." दाब १७ वर आला. तक्त्यावर अण्णा पूर्वीच्याच ओळीपर्यंत वाचतात, एकही ओळ वाढली नाही. त्यांनी लगेच विचारलं, मग एवढे थेंब कशाला घातले? डॉक्टर म्हणाल्या, पिवळा डाग मधोमध सरकत होता तो थांबलाय, म्हणून.

चौथ्या आठवड्यात खालच्या बाजूला त्वचेवर बारीक ठिपके दिसले होते, तेव्हा बेव्हासिझुमॅब दहा दिवस थांबवलं, नुसते अश्रूंचे थेंब दिले, भरून आलं. आता पुन्हा सुरू, पण दिवसातून दोनदा आणि आणखी तीनच आठवडे. जाड शिरेसाठी ऱ्हाईनकाठी म्हणाले तसली सुई इथेही करतात, पण रोपणाचा विचार असेल तरच, असं ठरलंय.

आईचा स्टीलचा डबा फ्रीजच्या मधल्या कप्प्यात आहे. त्यावर तिने "अण्णा – डोळा – बर्फात नको" असं लिहिलंय.

---

बुबुळवाला | २५ जुलै, सकाळी ६:४८

ठिपके दिसल्याबरोबर थांबवलं, हे उत्तम झालं. गोळ्या चालू आहेत ना? आणि पुढचा फोटो मिळाला तर इथे टाका, फक्त डोळाच दिसेल असा कापून.

---

कोयनाकाठ | २५ जुलै, सकाळी ७:३०

गोळ्या चालू. पुढची तारीख १३ ऑगस्ट. फोटो मागून बघते.

---

लेन्सवाली | २५ जुलै, सकाळी ११:१२

चष्मा केला. कडेच्या रेघा गेल्या, डॉक्टरांना भिंगाखाली तुमची ती भुतं दिसली.